सकाळची झाडं, दुपारची झाडं

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. सध्या साठा कमी आहे.

आधी यादी. दोन तुकड्यांमधली दगडी भिंत, चाळीस पावलं लांब, एकही मजूर न लावता. पाण्याची टाकी, आतल्या गिलाव्यासकट. अठरा वर्षांत एक थेंब गळलेला नाही. फळं उतरवायची तिकाटी शिडी. सव्वीस कलमं, त्यातलं एकही मेलं नाही. मधमाश्यांच्या चार पेट्या, चारही काटकोनात. तुझे शाळेचे दोन सदरे. त्यातल्या एकाची कॉलर डावीकडे पाव इंच जास्त गेली होती, हे मान्य. फाटक. फाटकावरची पत्रपेटी, जिच्यात पावसाचं पाणी शिरत नाही.

हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. आणि त्याच पत्रपेटीत काल, तू वरचा तुकडा ज्याला विकायला काढलास त्या गोदामवाल्याचं पत्र येऊन पडलं. म्हणे वीस मार्चला यंत्रं येणार, वरच्या तुकड्यातली अकरा झाडं मुळासकट काढणार, आणि 'सामाईक भिंतीस धक्का लागल्यास कृपया कळवावे'. भिंतीला धक्का लागला तर मी कळवणार कसा, भिंतीखालून?

शिवाय ती भिंत सामाईक नाही. ती मी बांधली. तू तेव्हा वर बसून पाय हलवत होतास.

झाडं तुझी आहेत, तू ठेव नाहीतर पाड. माझं म्हणणं एवढंच, की फेब्रुवारी-मार्च हे ॲव्होकाडोच्या फुलोऱ्याचे महिने. यंत्रांची धूळ माझ्या फुलांवर बसणार. तेव्हा काम जूनपर्यंत पुढे ढकलावं. लिफ्टच्या कंपनीत एवढा मोठा इंजिनिअर आहेस, तारीख पुढे ढकलणं तुम्हा लोकांना नवीन नसावं. आमच्या दवाखान्यातली लिफ्ट सात महिने बंद आहे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. सहा वर्षांत हे पहिलं, याची नोंद घे.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तेरा शब्द. मी मोजले. 'दादा, ती झाडं जळणाच्या लायकीची आहेत असं तूच म्हणाला होतास. धुळीचं कारण पुरे.'

बरं. धुळीचं नाही. ऐक मग, आणि मधेच कंटाळून पत्र घडी घालून ठेवू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

मागच्या वर्षी जानेवारीत तुझ्या गोदामवाल्याने जमीन मोजायला अडचण होते म्हणून वरची दहा झाडं कमरेपर्यंत छाटली. टाकीजवळचं एक तेवढं राहिलं, कारण त्यावर मुंग्या होत्या. त्या वर्षी माझ्या सव्वीस झाडांना फुलोरा नेहमीसारखा आला, आणि फळं लागली दोनशे बारा. एरवी चार हजारांच्या आसपास लागतात. दोनशे बारा! पहिल्यांदा मी शेजाऱ्याच्या फवारणीला दोष दिला. त्याच्या दारात जाऊन बोललो, आवाज थोडा चढला असेल. मग मधमाश्यांना दोष दिला. मग खताला. मग तुझ्या वहिनीला, कारण तिने झाडाखाली साबणाचं पाणी ओतलं होतं. ती म्हणाली, "सव्वीसही झाडांखाली मी एकच बादली घेऊन हिंडून आले, होय?"

एक गोष्ट मात्र खटकत होती. जे काही लागलं होतं, ते बहुतेक सगळं भिंतीलगतच्या दोन झाडांवर.

म्हणून यंदा फुलोरा सुरू झाल्याबरोबर मी स्टूल घेऊन झाडाखाली बसलो. सकाळी उघडलेल्या फुलाच्या देठाला लाल दोरा. दुपारी उघडलेल्याला पांढरा. तीनशे चाळीस फुलं, अकरा दिवस, दोन रिळं. आणि जे दिसलं ते असं.

माझ्या झाडाचं फूल सकाळी उघडतं तेव्हा ते बाई असतं. मधला स्त्रीकेसर ताठ उभा, भोवतीचे पुंकेसर आडवे पसरलेले, त्यांच्यावर परागाचा कण नाही. बाराच्या सुमारास फूल मिटतं. तुला वाटेल संपलं. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच लाल दोऱ्याचं फूल पुन्हा उघडतं, आणि आता ते पुरुष असतं. पुंकेसर उभे, पिवळी भुकटी सुटलेली, मधला स्त्रीकेसर वाळून गेलेला. एकच फूल, एकच देठ. काल बाई, आज पुरुष.

मी वहिनीला हाक मारून दाखवलं. तिने चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "मग आज भांडी घासायची पाळी कोणाची?"

पुढचं महत्त्वाचं. माझ्या बागेतली सगळी झाडं एकाच वेळापत्रकाची. सकाळी सगळीच्या सगळी बाई, दुपारी सगळीच्या सगळी पुरुष. एका फुलात दोघं राहतात आणि त्यांची गाठ पडत नाही. थंडी पडली की वेळा थोड्या सरकतात, तेव्हा चुकून थोडंफार जमतं, ते सोड. मग इतकी वर्षं सकाळी पराग येत होता कुठून?

टाकीजवळच्या तुझ्या झाडाची काही फुलं वाऱ्याने माझ्या बाजूला पडली होती. ती मी पाहिली. सकाळी नऊ वाजता ती पुरुष होती. तुझी झाडं उलट्या घड्याळाची आहेत, धाकट्या. ती दुपारी बाई होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष. म्हणजे माझी उघडी असतात तेव्हा बरोबर.

हा शोध लागला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी थेट तुमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंकडे गेलो. निवृत्त झाल्या, पण चष्म्याची दोरी तीच. वही पुढे ठेवली, दोऱ्यांचा तक्ता दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत नीट वाचलं आणि म्हणाल्या, "छान नोंदी केल्यात हो. हे पुस्तकात आहे."

"कुठल्या पुस्तकात?"

"सगळ्याच."

"कधीपासून?"

"शंभरेक वर्षं झाली असतील."

दोन रिळं, धाकट्या! अकरा दिवस स्टुलावर, पाठ अजून सरळ होत नाही.

बाई मग सुटल्याच. म्हणाल्या, स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये म्हणून फुलांनी काढलेली ही युक्ती आहे. कोणी आधी बाई, कोणी आधी पुरुष. समुद्रात तर असे मासे आहेत म्हणे, की कुटुंबातली मादी गेली की तिचा नर हळूहळू मादी होतो आणि तिचं काम उचलतो. अंगाने, खराखुरा. मी म्हटलं, त्यात माशाने विशेष काय केलं? आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो आणि हा सहा. बाईंनी मला चहा दिला. चहात साखर जास्त होती.

तर आता तुला कळलं असेल. गोदामवाल्याला सांग.

दादा

ता.क. बाबांनी वरची अकरा झाडं आणली तेव्हा रोपवाटिकेवाल्याने त्यांना बजावलं होतं की दोन्ही जातींची लावा. का, ते बाबांनी विचारलं नाही. आणि बाबांना मी विचारलं नाही, कारण बाबांना काय कळतंय असं मला वाटायचं.


२ मार्च

धाकट्या,

'म्हणजे माझी झाडं तुला हवी आहेत. एवढंच सरळ लिहायला चार पानं लागली.'

हे तुझं दुसरं कार्ड. हवी आहेत असं मी कुठे म्हटलं? मी वनस्पतिशास्त्र सांगितलं. त्यातून तू काय अर्थ काढायचा तो तुझा प्रश्न. मला कोणाचं काही नको. आजवर मागितलेलं नाही, या वयात सुरुवात करणार नाही.

आता दुसरं एक सांगायचं आहे. तुला ते गोदामवाल्याच्या रखवालदाराकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच सांगतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं की फुलं वाऱ्याने पडली होती. वारा नव्हता. मी शिडी लावून भिंत चढलो आणि तुझ्या झाडाचे तीन तुरे तोडले. कात्रीने, नीट, डोळ्याच्या वर अर्धा इंच ठेवून; झाडाला इजा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच सकाळी जाऊ लागलो, नऊ ते साडेदहा, हातात रंगकामाचा बारीक ब्रश आणि काचेची डबी. तुझ्या झाडावरचा पराग डबीत घ्यायचा, भिंतीवरून खाली यायचं आणि माझ्या भिंतीपासून सगळ्यात लांबच्या झाडाला, ज्याला मागल्या वर्षी एकही फळ लागलं नव्हतं, त्याच्या फुलांना एकेक करून लावायचा. फक्त त्या एकाच झाडाला. ज्या फुलाला लावला त्याला निळा दोरा.

परवा रखवालदाराने पकडलं.

"ओ काका, खाली उतरा. काय तोडताय?"

"तोडत नाही. पराग घेतोय."

"काय घेताय?"

"पराग. फुलातली भुकटी."

तो माझ्याकडे, मग ब्रशकडे, मग डबीकडे बघत राहिला. "कशाची भुकटी? काका, वयाकडे बघा जरा."

"अरे, ॲव्होकाडोची!"

"मालकाची परवानगी आहे का?"

आता त्याला काय सांगू? मालकाला मी आंघोळ घातली आहे, मालकाच्या डोक्यातल्या उवा काढल्या आहेत, मालक तापाने फणफणला तेव्हा तीन दिवस त्याच्या उशाशी बसलो आहे, आणि मालक सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही? मी म्हटलं, "मालक माझा भाऊ आहे."

तो म्हणाला, "मग फोन लावा की."

मी खाली उतरलो. उतरताना डबी पडली आणि फुटली. त्या दिवसाचा पराग मातीत गेला. त्याने मला हात धरून शिडीवरून उतरवलं हे तुला कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. मी स्वतः उतरलो. त्याने शिडी धरली होती फक्त.

वहिनी म्हणते, "त्याला सरळ लिहा, की झाडं ठेव, आम्हाला गरज आहे." मी म्हटलं, लिहिलंय. ती म्हणाली, "तुम्ही फुलाच्या बायका-पुरुषांचं लिहिलंत. आपलं नाही लिहिलंत."

अठरा दिवस राहिले.

दादा


१० मार्च

धाकट्या,

कार्ड आलं नाही. आठ दिवस रोज दोनदा पेटी उघडतो. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

सोबत एक वही पाठवतो आहे. पाठीमागचं पान फाटलं आहे, ते मी नाही फाडलं, झुरळांनी खाल्लं. आधी पान चौदा उघड.

बाबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा कागद मी केला. अक्षर माझं चांगलं आहे म्हणून सगळ्यांनी मला करायला सांगितलं. वरचा तुकडा तुला, खालचा मला. झाडांच्या किमतीचा रकाना होता. माझ्या सव्वीस झाडांपुढे मी रास्त किंमत लिहिली, आणि ती माझी मेहनत म्हणून जमिनीच्या हिशेबात मला मिळाली. तुझ्या अकरा झाडांपुढे मी लिहिलं, शून्य. तू विचारलंस, "शून्य कसं, दादा?" मी म्हणालो, "जळणाच्या लायकीची आहेत. फळ धरत नाहीत. वाऱ्यावर आहेत, दुपारनंतर गारठतात. उलट तुला तोडायचा खर्च पडेल."

तू सही केलीस. तुझी बायको काहीतरी म्हणाली, तर तू तिला गप्प केलंस: "दादाचा आकडा चुकत नाही." तू हे तिला म्हणालास. माझ्यासमोर.

पान चौदा बघ. वाटणीच्या आधीच्या तीन वर्षांची फळं. झाडवार मोजलेली, माझ्याच अक्षरात. वरच्या अकरांची: पहिल्या वर्षी सहाशे चाळीस, मग चारशे नव्वद, मग सातशे अकरा. माझ्या झाडांपेक्षा कमी, खूपच कमी. पण शून्य नाही. हे आकडे मला पाठ होते. कागदावर शून्य लिहिलं तेव्हाही पाठ होते.

सहा महिन्यांनी तू वर फळं पाहिलीस आणि काही न बोलता निघून गेलास. मी सगळ्यांना सांगत राहिलो की धाकटा बायकोच्या नादाने गेला. वहिनीलाही तेच सांगितलं. काल रात्री तिला खरं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालतच राहिली. पंधरा मिनिटं. मग म्हणाली, "वही पाठवा त्याला."

का केलं म्हणशील. लोभ नव्हता, असं मी सहा वर्षं स्वतःला पटवलं. वाटायचं, सगळं मी केलं. भिंत मी, टाकी मी, कलमं मी, तूसुद्धा मी. तुझ्या कॉलेजच्या फीसाठी मी शिडीवर उभा राहिलो. तू पदवी घेऊन आलास, कलमांकडे पाहिलंस आणि म्हणालास, "यात ठिबक सिंचन बसवायला हवं." पहिलंच वाक्य. मला इतका राग आला की तो राग मी रकान्यात लिहिला.

आयुष्यात मी एकच आकडा खोटा लिहिला. आणि तो कुठला, तर ज्याच्यावर माझी स्वतःची चार हजार फळं उभी होती तो. माझी झाडं तुझ्या झाडांच्या जिवावर लागत होती. मी ती शून्य ठरवली. तू माझाच शब्द धरून ती पाडायला दिलीस. यात तुझं चुकलं काय? काही नाही. हे लिहितानासुद्धा मी तुझं काय चुकलं ते शोधत होतो. एक सापडलंही होतं, खोडलं.

सरळ लिहितो. झाडं पाडू नकोस. तुझी झाडं गेली की माझी बाग दोन वर्षांत जळणाच्या लायकीची होईल. मला गरज आहे. दहाही खोडांना पालवी आली आहे, तिघांना यंदाच थोडा फुलोरा आहे.

दहा दिवस राहिले. पत्राला तीन लागतात.

तुझा दादा


२७ मार्च

धाकट्या,

वीस तारखेला मी सकाळी सहापासून फाटकावर उभा होतो. यंत्रं आली नाहीत. अकरा वाजता रखवालदार आपलं अंथरूण आणि स्टोव्ह सायकलला बांधून आला. म्हणाला, "काम रद्द झालं, काका. आता बसा भुकटी गोळा करत." जाताना माझी शिडी त्याने भिंतीला नीट टेकवून ठेवली. कोन चुकीचा होता, मी दुरुस्त केला.

तुझं पत्र चोवीसला आलं. कार्ड नव्हे, पत्र. दीड पान. तीनदा वाचलं, मग वहिनीने वाचलं आणि मोठ्याने मला वाचून दाखवलं, जसं काही मला वाचता येत नाही.

गोदामवाल्याचा विसार तू परत केलास, त्यात तुला किती खोट आली ते लिहिलं नाहीस. तुझ्या बायकोला तेव्हाच संशय आला होता, असं लिहिलंस. तिला सांग, तिचं बरोबर होतं. मी माझ्या हाताने लिहून देतो, अक्षर चांगलं आहे. आणि ठिबक सिंचनाचं तू गमतीत म्हणाला होतास असं लिहिलंस. ती गंमत होती तर तोंडावर हसू का नव्हतं? असो. मी गेल्या वर्षी बसवलं ते. पाणी निम्मं लागतं.

निळ्या दोऱ्यांचा निकाल. एकशे ऐंशी फुलांना ब्रशने पराग लावला होता. आज त्यातल्या नऊंवर वाटाण्याएवढी फळं आहेत. तुला कमी वाटतील, पण या झाडात हजारातून एखादंच फूल फळ धरतं. शेजारच्या झाडावर, ज्याला ब्रश लावला नाही, एकही नाही. बाईंना दाखवलं. म्हणाल्या, "हे मात्र पुस्तकात नाही. हे तुमचं." मग चहा आला. चहात साखर बरोबर होती.

पुढच्या फेब्रुवारीत तुझ्या सगळ्या अकरा झाडांना फुलोरा येईल. कुठलं झाड नक्की किती वाजता उघडतं हे वरच्या बाजूने कोणीतरी बसून लिहायला हवं. मी एकटा एका वेळी भिंतीच्या दोन्ही बाजूंना बसू शकत नाही. दुसरं स्टूल केलं आहे. पाय चारही सारखे. पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणली आहेत. तुझी बायको येणार असेल तर तिसरं स्टूल करायला चार दिवस लागतात, आधी कळव.

आता तुझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद. 'अकराही झाडं तू तुझ्या नावावर करून घे, दादा. मी इतक्या लांबून काय करणार? किंमत तूच ठरवली आहेस, तेवढीच दे.'

वहिनी म्हणाली, हा टोमणा आहे. मी म्हटलं, असेल, पण कागदही जोडला आहे, सही करून. म्हणजे देऊही केलं आहे. दोन्ही एकाच देठावर. ती म्हणाली, "मग काय लिहिणार?"

कागद परत पाठवतो आहे, सही न करता. ती झाडं तुझी आहेत आणि तुझीच राहतील. त्यांचं खतपाणी मी बघेन, फळं मोजेन आणि आकडा दर वर्षी तुला कळवेन, जो असेल तो.

तेव्हा नोंद असावी: माझ्या धाकट्या भावाने वरच्या तुकड्यातली अकरा झाडं मला देऊ केली होती आणि मी ती घेतली नाहीत. मागितलेली रक्कम, शून्य.

दादा